मी लिहिलेलं शिफारसपत्र

माझा धाकटा भाऊ फौजेत आहे. त्याला रजा मिळावी म्हणून मी एका पुढाऱ्याचं शिफारसपत्र मिळवलं आणि त्याच्या साहेबाला पाठवलं. त्या एका कागदाने आमच्या घरात काय झालं ते सांगायला बसले आहे. चांगलं करायला गेले होते, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर म्हणाल बाईला अक्कल नाही. अक्कल आहे. आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरं हाकली आहेत मी. पण आमच्याकडची अक्कल आमच्याकडेच चालते, हे फार उशिरा कळलं.

माझं माहेर तापीकाठचं. कापूस, मिरची, थोडी केळी. वडील लवकर गेले. मागे राहिलो आई, मी आणि माझ्याहून अकरा वर्षांनी लहान असलेला भाऊ. माझं लग्न होऊन मी धानोऱ्याला आले, तेव्हा तो सातवीत होता. अभ्यासात यथातथाच. पण यंत्रातलं त्याला असं काही कळायचं की विचारू नका. लांब बांधावर ट्रॅक्टर चालत असला तर घरात जेवता जेवता सांगायचा, त्याचं अमुक बिघडलंय, संध्याकाळपर्यंत बंद पडेल. आणि पडायचा. आई म्हणायची, याच्या तोंडाला औषध नाही.

फौजेत गेल्यावर त्याला गाड्या दुरुस्तीचंच काम मिळालं. सुरुवातीची बारा-तेरा वर्षं त्याची सुखाची गेली. सुखाची म्हणजे थंडी, ऊन, घरापासून लांब, सगळं होतंच. पण सुट्टीवर आला की ओट्यावर बसून तासन्‌तास बोलायचा. त्याचा तेव्हाचा साहेब जवानांच्या पंगतीत बसून जेवायचा, चुकलं तर बाजूला घेऊन झापायचा आणि संध्याकाळी विसरायचा. "साहेबनी हाक मारी का आंगमा जोर येस," असं भाऊ म्हणायचा. आई त्या न पाहिलेल्या साहेबाला देवापुढे उभं राहून आशीर्वाद द्यायची. मी हसायचे तिला.

मग तो साहेब बदलून गेला आणि नवा आला.

भावाने आम्हाला काही सांगितलं नाही. फौजेतली माणसं सांगत नाहीत, त्यांना तसंच शिकवलेलं असतं. आम्हाला कळलं ते त्याच्या फोनवरून. दर रविवारी तो आईला फोन करायचा आणि अर्धा-अर्धा तास चालायचा तो फोन. म्हैस किती दूध देते इथपासून शेजारणीच्या भांडणापर्यंत सगळं त्याला हवं असायचं. आता आई बोलायची आणि तो नुसता "हां, हां" करायचा. "जेवना का?" "हां." "बरा शे ना रे भाऊ?" "बरा शे. ठेवू का?" दोन मिनिटांत खेळ खलास. आई फोन हातात धरून तशीच बसायची. मला म्हणायची, "आक्का, त्यान्हा आवाज उतरी गया वं." मी म्हणायचे, कामात असेल. मी अशी शहाणी.

एकदा तो सुट्टीवर आला तेव्हा बघितलं. रंग काळवंडलेला. शेजारचा ट्रॅक्टर दारात येऊन खोकत उभा राहिला, मालक हाका मारतोय, आणि हा पांघरूण ओढून पडून राहिला. भावजयीने मला आत नेऊन सांगितलं, त्याला वर्कशॉपमधून काढलंय. एका गाडीला सामान मिळालं नाही म्हणून गाडी उभी राहिली, साहेबाने त्याच्यावर खापर फोडलं, हा म्हणाला, "सर, मागणी दोनदा दिली होती." बस्स. उलट बोलला. त्या दिवसापासून याला साहेबाच्या बंगल्यासमोरच्या कुंड्यांना गेरू लावायचं काम दिलं. हवालदार माणूस, हाताखाली सात-आठ पोरं शिकवून तयार केलेली, आणि त्याच पोरांसमोर हा कुंड्या रंगवतोय. एक कुंडी वाळायच्या आत साहेबाचा कुत्रा अंगणात यायचा, गेरू पुसला जायचा, की परत लाव.

मी त्याला म्हटलं, "मग तक्रार कर ना वर."

तो माझ्याकडे बघून म्हणाला, "आक्का, ती तुन्ही शाळा नही शे."

बरं, मित्रांशी तरी बोल म्हटलं. तर म्हणाला, तिथे आता कोणी कोणाशी बोलत नाही. साहेबाने दोन-तीन माणसं अशी धरून ठेवली होती की कोण काय बोललं ते त्याच्या कानावर जायचं. ती कोण ते कोणालाच माहीत नव्हतं. मग जेवतानासुद्धा माणसं ताटात बघून जेवायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. पेन्शनला दोन वर्षं राहिली होती त्याची. मी म्हटलं, दोन वर्षं काढ, डोळे मिटून काढ. तो हो म्हणाला.

त्या वर्षी माहेरच्या भाऊबंदांत कानबाई आईकडे बसवायची ठरली. खान्देशाबाहेरच्यांना सांगायला हवं. श्रावणात नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी कानबाईची स्थापना होते. नारळाला डोळे, नथ, मळवट लावून देवी सजवतात, रात्रभर गाणी होतात, सोमवारी देवी उठवून, डोक्यावर घेऊन नदीवर विसर्जन. सगळं कुळ एका घरी जमतं. नैवेद्याच्या रोटासाठी गहू घेताना कुळातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ टाकतात. तान्ह्या पोराचीसुद्धा मूठ असते. आणि तो रोट कुळाबाहेर कोणी खायचा नाही, घरच्यांनीच संपवायचा. त्या वर्षी आईच्या छातीत दुखणं सुरू झालं होतं. नंदुरबारच्या डॉक्टरने हृदय मोठं झालंय म्हणून सांगितलं होतं. ती म्हणाली, "एकदाव माले त्यान्हा हातनी कानबाई उठाडू दे. मंग काय व्हयी ते होऊ दे."

भावाने रजा मागितली. नाही मिळाली. परत मागितली. साहेब म्हणाला म्हणे, तुझ्या देवीला सांग, पुढच्या वर्षी ये.

हे भावजयीकडून ऐकलं आणि माझं डोकं सटकलं. मी अशी गप्प बसणारी नाही. नंदुरबारची मिरची म्हणतात लोक मला, तोंडावर म्हणतात. आमच्याकडे काम अडलं की काय करायचं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बदली अडली, पुढाऱ्याचं पत्र. विहिरीची वीजजोडणी अडली, पुढाऱ्याचं पत्र. दवाखान्यात खाट मिळत नाही, पत्र. माझी स्वतःची बदली डोंगरातून धानोऱ्याला झाली ती अशाच एका पत्रावर. त्यात लाज वाटण्यासारखं काही आहे असं आम्हाला कधी वाटलंच नाही. पत्र मिळतंय म्हणजे आपली कोणीतरी दखल घेतंय, उलट मान वाढतो.

मी पुढाऱ्याच्या बैठकीत गेले. तो म्हणाला, "हुई जाई ताई, टेन्शन लेऊ नका. फौजी आपला शे." मजकूर मीच लिहिला. पहिल्यांदा मराठीत आणि मग हिंदीत. शाळेत निबंधाला गुण देणारी मी. असं लिहिलं की दगडाला पाझर फुटावा. "वृद्ध माता अपने वीर पुत्र की प्रतीक्षा में द्वार पर नेत्र लगाए बैठी है।" आणखी असंच बरंच काही. पुढाऱ्याच्या माणसाने ते छापील कागदावर टाइप केलं, सही, शिक्का. मी स्वतः पोस्टात जाऊन रजिस्टर केलं. आईला इतकंच सांगितलं की पत्र धाडलंय, या वेळी येईल बघ. भावाला काहीच कळवलं नाही. म्हटलं, साहेब बोलावून रजा देईल तेव्हा कळेलच, तेवढीच गंमत.

कानबाईचा रविवार आला. तो आला नाही. आईने गहू घेताना त्याच्या नावाची मूठ सगळ्यात आधी टाकली. विसर्जनाला चुलत भावाने देवी डोक्यावर घेतली. दोन-तीन दिवस रोट पुरला. भावाच्या वाटचा म्हणून आई रोज एक तुकडा जास्त खायची, तिला पचत नसताना.

त्याचा फोन त्यानंतर चार दिवसांनी आला. मी धानोऱ्याला होते, पण भावजय तिथेच उभी होती, तिने सांगितलं ते सांगते. फोन लागल्याबरोबर तो म्हणाला, "पत्र कोन्ही धाडं?" आईने क्षणभर माझ्या भावजयीकडे बघितलं आणि म्हणाली, "मीच धाडं रे भाऊ. मीच सांगं व्हतं." मग पलीकडून जे सुरू झालं ते फोन कानाला न लावताही ऐकू येत होतं. अडाणी बाई, तुला कोणी सांगितला शहाणपणा, तू मला संपवलंस, आयुष्यातून उठवलंस. आई "चुकनं, चुकनं रे बापा" म्हणत राहिली. शेवटी तो म्हणाला, आता मला फोन करायचा नाही. आणि ठेवला.

मी दुसऱ्याच दिवशी माहेरी गेले. म्हटलं, माय, तू माझं नाव का नाही घेतलंस? मी त्याला फोन लावते, सांगते मी लिहिलं. तिने माझा हात धरला. तिच्या हाताला तेव्हा काही ताकद राहिली नव्हती, पण सोडेना. म्हणाली, "मी आज शे, सकाय नही. तुमी भाऊबहीण आयुष्यभर ऱ्हावाना शेत. त्यानी तुन्हावर राग धरा तं तुन्हं माहेर तुटी जाई. मन्हावरला राग जाई उतरी." पुढे राखीपौर्णिमेला तिने मला न सांगण्याची शपथच घातली. मी सांगितलं नाही. शपथेमुळे नाही सांगितलं असं म्हणणं सोपं आहे. खरं म्हणजे मला बरंच वाटलं. वीज माझ्यावर पडायची ती दुसरीकडे पडली होती.

त्यानंतर त्याचे पैसे यायचे, भावजयीला फोन यायचा, पण आईशी तो बोलला नाही. श्रावण गेला, दिवाळी गेली. आई रविवारी सकाळीच अंघोळ करून फोन जवळ घेऊन बसायची. वाजला तर तो भावजयीच्या हातात द्यायची आणि तिच्या तोंडाकडे बघत राहायची. भावजय म्हणायची, "मायसंगे बोला ना." पलीकडून तो म्हणायचा, नंतर. रागाच्या भरात माणूस चार महिने राहू शकतो, हे मला पटत नव्हतं. मी त्याला मनात शिव्या घालायचे. आणि शिव्या घालताना माहीत असायचं, की पत्र मी लिहिलं होतं.

माघात आईला दवाखान्यात न्यावं लागलं. नंदुरबारला चार दिवस होती. पाचव्या दिवशी सकाळी गेली.

भाऊ तिसऱ्या दिवशी पोचला. रजा तासाभरात मंजूर झाली होती. "मरी गयं का लगेच मिळस," एवढंच बोलला तो, आणि डोक्याचं मुंडण करून घेतलं. सांत्वनाला दारावर बसायला माणसं येत होती. तो भिंतीला टेकून बसायचा. कोणी मोठं माणूस आलं की ताडकन उभा राहायचा, मग कोणीतरी खाली बस म्हणायचं, तेव्हा बसायचा.

सहाव्या दिवशी एक तरुण दारावर आला. खापरकडचा, डोंगराच्या पायथ्याच्या गावचा. भावाच्या हाताखाली काम शिकलेला, त्याच्याबरोबर एकाच छावणीत असलेला, सुट्टीवर घरी आला होता. भाऊ तेव्हा नदीवर गेला होता. मी पाणी दिलं. त्याने फुलपात्र दोन्ही हातांत धरलं आणि विचारलं, "ताई, ते पत्र कोणी पाठवलं होतं?"

मी म्हटलं, "का?"

मग त्याने सांगितलं. फौजेत बाहेरून शिफारस आणणं हा गुन्हाच आहे, तसा लेखी नियम आहे. ते आम्हाला कोणी कधी सांगितलं नव्हतं. साहेबाने नियमावर बोट ठेवून चार भिंतींच्या आत काय ती शिक्षा दिली असती तर कोणी काही म्हणालं नसतं. पण त्याने सकाळी सगळी कंपनी रांगेत फॉलइन केली. माझ्या भावाला पुढे बोलावलं, पत्र त्याच्या हातात दिलं आणि सांगितलं, वाच. मोठ्याने वाच, शेवटच्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे. भावाने वाचलं. वृद्ध माता, वीर पुत्र, सगळं. साहेब म्हणाला, "आवाज नहीं आया. फिरसे." तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा "प्रतीक्षा" शब्दावर त्याचा आवाज फुटला, तेव्हा साहेब हसला आणि लोकांकडे बघत म्हणाला, काय रे, हसू येत नाही का तुम्हाला?

"मग?" मी विचारलं.

"हसलो ताई. सगळे हसलो. जो हसला नसता त्याचं नाव गेलं असतं." तो हातातल्या फुलपात्राकडे बघत होता. "मीपण हसलो. उस्तादने मला पाना कसा धरायचा ते शिकवलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी हसत होतो."

त्याला रडू आलं. त्याला बोलण्याचा मला काय अधिकार होता? त्या साहेबाला बढती मिळतेय, हेही त्यानेच सांगितलं. काम चोख आहे म्हणे त्याचं, त्याच्याकडे शिस्त आहे म्हणतात वरचे.

सुतक फेडायचा गंधमुक्तीचा कार्यक्रम झाला. पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊ मळ्यात गेला, त्याच्या मागे मी गेले. केळीच्या बागेत पाण्याच्या मोटारीपाशी तो बसला होता. मनात म्हटलं, आता शपथ घालणारी राहिली नाही, आज बोलायचंच. बसले त्याच्या शेजारी. म्हटलं, "भाऊ, पत्र मायने धाडलं नव्हतं. मी धाडलं. पुढाऱ्याकडे मी गेले, मजकूरही मीच लिहिला. तिने माझं नाव झाकलं. तू मला काय बोलायचं ते बोल."

तो पाण्याकडे बघत होता. म्हणाला, "मले माहीत व्हतं."

"कधीपासून?"

"वाचं तव्हयपाशीन. मायले सही बी ये नही, ती 'प्रतीक्षा' कथाईन लिखी? तूच लिखस असं. लहानपने मन्हा निबंध तूच लिखी देये."

मी म्हटलं, "मग तिच्यावर का ओरडलास? पाच महिने का बोलला नाहीस तिच्याशी? माहीत होतं तर मला फोन करायचास, मला झोडायचंस."

तो अगदी सरळ आवाजात म्हणाला, "साहेबले बोलता ये नही. पोरेस्ले बोलता ये नही, त्या बिचारा बी घाबरेल व्हतात. तुले बोलतू तं तू दोन सुनाडती. माय उलट बोलस नही, म्हनीसन तिले बोलनू. साहेब मन्हावर करे तेच मी तिन्हावर करं, आक्का. मंग लाज वाटनी. दर रयवारे वाटे, आज बोलसू. पन तिन्हा आवाज ऐकाले तोंड नव्हतं मन्हं."

मी शाळेत बोलून बोलून घसा बसवलेली बाई. केळीचं वाळकं पान उचलून चुरत बसले.

त्यानेच मग विचारलं. "ती चार दिवस दवाखानामा व्हती. फोन काबर नही करा मले? मी पयत येतू."

हे त्याने विचारू नये म्हणून मी इतके दिवस त्याच्यासमोर एकटी बसत नव्हते. पण विचारलंच होतं. सांगितलं. दवाखान्यात पहिल्याच दिवशी मी फोन काढला होता. आईला ऑक्सिजन लावलेला होता. तिने हाताने मास्क बाजूला केला आणि मला म्हणाली, "त्याले फोन नको करू वं पोरी. तो रजा मांगी. त्यान्हा साहेब वरडी त्याले." नंतरचे तीनही दिवस तेच. नर्सबाईलासुद्धा सांगून ठेवलं होतं, मन्हा पोऱ्याले कळवू नका.

भावाने तोंडात मुंडासं कोंबलं आणि तो आडवा पडला, तिथेच, चिखलात. इतकं मोठं माणूस तसं रडताना मी पाहिलं नव्हतं. मोटार चालू होती, त्यामुळे त्याचं रडणं घरापर्यंत ऐकू गेलं नसेल. मी त्याच्या पाठीवर हात ठेवायला गेले, तर माझा हात लागताच तो धडपडून उठून उभा राहिला आणि म्हणाला, "सॉरी सर."